रिकामी वाटी आणि भरलेली वही

शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे आपल्याकडे पोराला कुणी शिकवत नाही. त्याच्या हातात वाटी दिली जाते, 'सांडू नकोस' एवढंच बजावलं जातं, आणि तो जिना उतरू लागतो. दुसरं काही नसलं तर वाटीत चमचाभर साखर तरी असतेच. मागच्या खेपेला त्यांच्याकडून काय आलं होतं, ते आईच्या पक्कं लक्षात असतं. आज आपण काय पाठवतोय, ते पोरगं झाकण उचलून वाटेत बघून घेतं. हा हिशेब आहे. तोंडी आहे, कुठे लिहिलेला नाही, पण हिशेबच आहे.

नेमका हाच शब्द आपल्या संस्कारवाल्यांना खटकतो. 'मदतीचा हिशेब ठेवू नये' हे वाक्य शाळेच्या परिपाठात असतं, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या भाषणात असतं, सकाळी सकाळी फोनवर येणाऱ्या सुविचारातही असतं. त्यामागची तक्रार अशी: पूर्वी गावोगाव शेजारधर्म आपोआप नांदत होता. मग पैसा आला, हिशेब आला, सरकारनं सगळं अंगावर घेतलं आणि माया आटली. आता मुलांना मोळीच्या काटक्यांची गोष्ट सांगून, करुणेचे धडे देऊन ती पुन्हा रुजवायची. असं म्हणणारी माणसं सज्जन असतात, म्हणून त्यांना कुणी उलटून बोलत नाही. मला बोलायचं आहे. साक्षीला मी तंजावूर काढतो, कारण या तक्रारीतला 'पूर्वीचा गाव' तिथे अजून डोळ्यांना दिसतो. देऊळ, तळं, एकमेकींना खेटून असलेल्या ओसऱ्या, पहाटे दारापुढे काढलेलं कोलम, सगळं आहे. शिवाय सुमारे १८० वर्षं तिथे भोसल्यांचं राज्य होतं, तेव्हा तिथलं बरंवाईट आपल्या घरचंच आहे.

आधी हिशेबाकडे वळू. तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पेरावूरणीचा भाग आहे. आडी महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या आषाढ-श्रावणात, तिथे आणि लगतच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या गावांत 'मोय विरुंदु' होतात. विरुंदु म्हणजे मेजवानी आणि मोय म्हणजे आहेर. लग्न नाही, बारसं नाही, तरी मंडप पडतो. एकट्याला खर्च झेपत नाही म्हणून पाच-दहा घरं, कधी त्याहून जास्त, एकत्र येऊन यजमान होतात. मटणाचं जेवण असतं. जेवून उठलं की पाहुणा टेबलापाशी येतो आणि पैसे देतो. टेबलामागे बसलेला लेखनिक वहीत गाव, नाव आणि रक्कम लिहून घेतो. जमलेल्या रकमेतून कुणी बोअर मारतो, कुणी मुलीचं लग्न उरकतो, कुणी मुलाच्या कॉलेजची फी भरतो. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या वहीतला एकेक जण स्वतःची मेजवानी घालतो. मग आपण तिथे जायचं, त्याची जुनी रक्कम फेडायची आणि वर थोडी नवी घालायची. नवी घातली की खातं चालू राहतं.

असाच एक मंडप मी पाहिला. टेबलाच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू बसले होते. म्हाताऱ्यांना अक्षर दिसत नव्हतं, म्हणून जुनी वही नातवाच्या मांडीवर होती. माणूस समोर आला की आजोबा गावाचं नाव सांगत, पोरगं त्या गावाचं पान काढून बोट फिरवत रक्कम वाचे. मध्येच एका नावाशी तो थांबला. पुढे आकडा होता, पण आज तो माणूस आला नव्हता. आजोबांनी विचारपूस केली. त्याची बायको इस्पितळात असल्याचं कळलं. आजोबा पोराला म्हणाले, त्या नावापुढे खूण कर, उद्या आपण जाऊ. दहा वर्षांच्या त्या पोराला एका ओळीतून कळलं की कुठल्या तरी गावात एका घरावर संकट आहे आणि त्या घराशी आपलं काही नातं आहे. वही नसती, तर गैरहजर माणूस गर्दीत कुणाच्या लक्षातही आला नसता.

यावर आक्षेप येतो की ही माया कसली, ही तर सावकारी. आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी लपवत नाही. मोठाल्या फ्लेक्सच्या पाट्या, नोटा मोजायची यंत्रं, कुणाकडे किती जमलं याची चढाओढ, हे सगळं त्या मंडपांत शिरलं आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा चक्रीवादळ आलं आणि पेरावूरणी, पट्टुकोट्टै, ओरत्तनाडू भागातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. लाखो झाडं पडली. नारळ पुन्हा धरायला काही वर्षं लागतात, पण वहीतल्या तारखा थांबत नाहीत. अनेकांना परतफेड जड गेली.

तरीही सावकारी आणि मोय यांत फरक आहे. सावकार नेहमी एकाच बाजूला बसलेला असतो. मोयमध्ये आज देणारा उद्या घेणारा असतो आणि दोघांच्या घरी वही असते. त्याहून मोठा फरक मोय आणि 'निर्हेतुक उपकार' यांच्यातला आहे. वहीतली रक्कम फिटते. ज्या उपकाराला आकडा नाही तो फिटतच नाही, आणि त्याच्याखाली माणूस जन्मभर वाकून राहतो. 'आम्ही कधी हिशेब ठेवला नाही' असं म्हणणारे बहुधा देणाऱ्या बाजूचे असतात. घेणाऱ्यानं मनातल्या मनात पैन् पै ठेवलेली असते, कारण त्याला ती चारचौघांत ऐकवली जाणार असते.

आपल्याकडची शेती कशावर चालली, तेही आठवावं. इर्जिक घातली की ज्याच्या रानात नांगर चालले त्यानं जेवण द्यायचं आणि पुढे दुसऱ्याच्या इर्जिकीला आपली बैलजोडी घेऊन जायचं. सावडीत तुझा एक बैल, माझा एक बैल. वारंगुळ्यात आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. शहरात आलेल्या बायकांनी तेच भिशीत केलं. यातल्या एकाही पद्धतीत 'हिशेब ठेवू नये' असा नियम नव्हता. पाळी चुकवणाऱ्याला पुढच्या वेळी बैल मिळत नसे. माया होतीच, पण ती पाळीच्या खांबावर चढलेली वेल होती. खांब काढून घ्यायचा आणि वेलीला उभं राहण्याचे संस्कार द्यायचे, असा हा प्रकार चालला आहे.

पत गेली की शेजार कसा गोठतो, याचा एक जुना दाखला तंजावूरच्या किल्ल्यातच आहे. १७८० नंतरच्या हैदरअलीच्या स्वारीत किल्ल्यात धान्य संपलं. रस्त्यांवर प्रेतं पडली. बाहेर खेड्यांत धान्य होतं, पण आणायला बैल नव्हते. ज्यांच्याकडे बैल होते ते देईनात, कारण आधी नेलेल्या मालाचे पैसे त्यांना मिळाले नव्हते. तंजावूरच्या तुळजाराजांना कबूल करावं लागलं की आपली आणि इंग्रजांची, दोघांचीही पत गेली आहे. मग त्यांनी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला मध्ये घातलं. श्वार्ट्झनं गावोगाव चिठ्ठ्या पाठवल्या: प्रत्येकाचे पैसे मी स्वतःच्या हातानं देईन, शत्रूनं बैल पळवला तर त्याचीही भरपाई देईन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले. त्या गावकऱ्यांना आदल्या दिवशी करुणा नव्हती आणि दुसऱ्या दिवशी आली, असं कोण म्हणेल? आदल्या दिवशी खातं बुडीत होतं, दुसऱ्या दिवशी त्यावर विश्वास ठेवावा असा माणूस उभा राहिला. पुढे तंजावूरच्या सरफोजीराजांचा त्यांच्या बालपणी पालक झाला तो हाच श्वार्ट्झ.

आता 'पूर्वी शेजारधर्म आपोआप होता' या दाव्याकडे. कुंभकोणमजवळ कावेरीकाठी तिरुविशनल्लूर नावाचं गाव आहे. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ च्या सुमारास हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्याचं नाव शहाजीराजपुरम झालं. त्या विद्वानांत श्रीधर अय्यावाळ होते. त्यांची आख्यायिका अशी: घरी श्राद्ध होतं, स्वयंपाक तयार होता आणि दारात भुकेला अस्पृश्य उभा राहिला. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. झालं, गल्लीतले ब्राह्मण जेवायला येईनात. प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान करून या, असं सांगितलं गेलं. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि गंगा त्यांच्या परसातल्या विहिरीतच आली. आजही कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला हजारो लोक त्या विहिरीच्या पाण्यानं स्नान करायला येतात.

मराठी वाचकाला इथे पैठणचे नाथ आठवतील. तिथेही श्राद्ध, तेच अन्न, तसाच बहिष्कार घालणारा ब्रह्मवृंद. दोन्ही कथा आपण मुलांना 'दया करा' म्हणून सांगतो. पण जरा दुसऱ्या बाजूनं वाचा. या कथांत शेजारी कोण आहेत? जेवायला न येणारे ते शेजारी. एकजूट कुणाची आहे? वाळीत टाकणाऱ्यांची. काटक्यांची मोळी अगदी घट्ट बांधलेली आहे, आणि ती एका भल्या माणसाच्या पाठीत बसते आहे. गावकीत एकोपा होता हे शंभर टक्के खरं. त्या एकोप्याचा उपयोग विहीर खणायला व्हायचा, तसाच विहीर बंद करायलाही व्हायचा. हे फक्त जुनं दुखणं असतं, तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला नसता.

हे सगळं दंतकथांपुरतं आहे असं वाटत असेल, तर तंजावूर जिल्ह्यातलंच कीळवेण्मणी घ्या. आता ते नागपट्टिणम जिल्ह्यात आहे, पण २५ डिसेंबर १९६८ ला तंजावूर जिल्ह्यातच होतं. वाद भाताच्या मजुरीचा होता. जमीनदारांची भात-उत्पादक संघटना होती आणि मजुरांची लाल बावट्याची संघटना होती. त्या रात्री हल्ला झाला, दलित मजुरांच्या घरांतली माणसं जीव वाचवायला एका झोपडीत शिरली आणि ती झोपडी पेटवण्यात आली. ४४ माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. मारणारे आणि मरणारे परके नव्हते. एकाच पंचक्रोशीत, एकाच कालव्याच्या पाण्यावर जगत होते. 'एकीचं बळ' एवढंच शिकून मोठं झालेलं मूल त्या रात्री कुठल्या बाजूला उभं राहिलं असतं, याचं उत्तर मोळीची गोष्ट देत नाही.

तिसरा दावा असा की सरकारनं हात घातला आणि शेजार मेला. त्याला तंजावूरमधलंच उत्तर द्यायला हवं. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर भोसल्यांनी छत्रं बांधली, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रं. बहुतेकांना घराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. नीडामंगलमचं यमुनाबांचं आहे. ओरत्तनाडूचं छत्र सरफोजीराजांनी मुक्तांबाबाईच्या नावानं उभारलं. १८०१ साली इंग्रज ही छत्रं ताब्यात घेऊ पाहत होते, तेव्हा सरफोजीराजांनी त्यांना पत्र लिहून तिथे काय चालतं ते कळवलं. कुठल्याही जातीचा, कुठल्याही पंथाचा वाटसरू, फकीरसुद्धा, तिथे जेवतो. शिजवलेलं न चालणाऱ्याला शिधा मिळतो. वैद्य आहे. आजारी माणसाला बरा होईपर्यंत ठेवून घेतात. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय आहे, तिला पुढे काही काळ राहू देतात. आईबाप गेलेली पोरं शिक्षकाच्या ताब्यात असतात. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांतून एकदा तेल लावून अंघोळ, आवडेल ती विद्या आणि शेवटी लग्नाचा खर्चही. आणि मध्यरात्री घंटा वाजते. जेवायचं राहिलेल्या कुणीही यावं, असं पुकारलं जातं.

एकाच मुलखातली दोन दृश्यं शेजारी ठेवा. अग्रहारात भुकेल्याला वाढलं म्हणून शेजारी रुसतात. छत्रात मात्र त्याच भुकेल्याला कुणी राहिलं आहे का म्हणून रात्री हाक मारली जाते. ही हाक कुणाच्या मनात आपोआप उमटली नव्हती. ती कामांच्या यादीत होती, तिची वेळ ठरलेली होती, तिच्यासाठी माणूस नेमलेला होता. छत्रातसुद्धा जात होती, शिधा वेगळा द्यावा लागत होता, हे त्याच पत्रात दिसतं. म्हणून मी छत्राला स्वर्ग म्हणत नाही. एवढंच म्हणतो की शेजाराचं वर्तुळ जिथे संपतं, तिथून पुढचं काम नियमाला आणि संस्थेला करावं लागतं.

कालवे आणि तळ्यांचंही तसंच. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात गावकऱ्यांनी मिळून गाळ काढायचा, बांध नीट करायचे, या पद्धतीला कुडिमरामत्तु म्हणतात. कुडि म्हणजे रयत, आणि 'मरामत' हा शब्द आपल्या जुन्या दफ्तरांतही सापडतो. या पद्धतीची आज फार गोड वर्णनं होतात. पण १८५८ साली मद्रास इलाख्याला सक्तीच्या श्रमाचा कायदा करावा लागला होता, कारण पद्धत मोडकळीला आली होती. आणि 'गावानं गाळ काढला' या वाक्यात टोपली नेमकी कुणाच्या डोक्यावर होती, ते लिहिलेलं नसतं. जमीन एकाची, डोकं दुसऱ्याचं. अलीकडे तमिळनाडू सरकारनं ही योजना पैसे घालून पुन्हा चालू केली. त्यातली टेंडरं, ठेकेदार याबद्दल वाद झाले ते होवोत, पण तळं सामाईक असेल तर त्याचा खर्चही सामाईक आणि कागदावर असावा, हे तत्त्व मला मान्य आहे.

सरकार आणि शेजार यांचं वैर असतंच असं नाही, याचं अलीकडचं उदाहरण २०२१ चं. कोविडमध्ये शाळा बंद राहिल्या, मुलं मागे पडली. तेव्हा तमिळनाडूनं 'इल्लम तेडि कल्वि' सुरू केलं, म्हणजे घर शोधत आलेलं शिक्षण. संध्याकाळी तास-दीड तास वस्तीतल्या मुलांना वस्तीतलीच कुणी ताई शिकवायची. ओसरी असेल तर ओसरीवर, देवळाचं अंगण असेल तर तिथे. सरकारनं तिला प्रशिक्षण दिलं आणि महिन्याला थोडं मानधन दिलं. राज्यभरात सुमारे दोन लाख स्वयंसेवक उभे राहिले, त्यांत बहुतेक बायका. मानधन घेतलं म्हणून तिचं शेजारपण कमी झालं का? गल्लीतल्या कुठल्या पोराला वाचता येत नाही, हे तिला नावानिशी ठाऊक झालं. तिच्याकडेही हजेरीची वही होती.

मग मुलांना शिकवायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. शेजारधर्मावर निबंध लिहून घेऊ नका, शेजारधर्मातलं एखादं काम द्या. तंजावूरमध्ये नवरात्रात घरोघरी गोलूच्या बाहुल्या मांडतात, आणि कुंकवाची डबी घेऊन शेजारपाजाऱ्यांना बोलावून यायचं काम मुलांचं असतं. आपल्याकडे हळदीकुंकवाचं आमंत्रण मुलंच करतात. या कामात चूक होऊ शकते. एखादं घर राहून जातं आणि मग ती मावशी आठ दिवस बोलत नाही. करुणेच्या धड्यात कधीच चूक होत नाही, म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे ती यादी वाचायला शिकवणं. आमंत्रण करून आलेल्या मुलाला विचारा: कोणकोणत्या घरी गेलास? मग विचारा: आपल्या जिन्यावर, आपल्या गल्लीत, असं कुठलं घर आहे जिथे आपण कधीच जात नाही? वॉचमनची खोली, सफाईला येणाऱ्या मावशींचं घर, आडनाव विचारून ज्यांना फ्लॅट नाकारला जात होता ते नवे भाडेकरू. मोयच्या वहीत नाव असलेला माणूस आला नाही, तर ते लगेच दिसतं. ज्याचं नाव वहीत कधी चढलंच नाही, तो दिसण्यासाठी कुणीतरी मध्यरात्री घंटा वाजवावी लागते. ते काम पोरांना द्या. पोरांना ते आवडेल, घंटा वाजवायला कुणाला आवडत नाही?

पण घंटा वाजवून वाढणं हा सोपा अर्धा भाग झाला. नाथांच्या चरित्रात श्राद्धाच्या कथेबरोबर आणखी एक कथा आहे. राण्या महारानं नाथांना जेवायला बोलावलं आणि नाथांनी ते आमंत्रण स्वीकारलं. पहिली कथा आपण हौसेनं सांगतो, दुसरीकडे मात्र घाईनं पान उलटतो, कारण पहिलीत आपण देणारे आहोत आणि दुसरीत घेणारे. दान वरून खाली येतं, त्याला वही लागत नाही. शेजार मात्र दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून त्याला वही लागते.

तेव्हा पुढच्या वेळी घरात काही गोडधोड झालं की वाटी भरून पोराच्या हातात द्या आणि ज्या घरातून आजवर आपल्याकडे वाटी आली नाही, तिथे त्याला पाठवा. चार-सहा दिवसांनी वाटी परत येईल. रिकामी येणार नाही, ते घरही याच देशातलं आहे. तीत काय आहे आणि ते कुणाच्या हातचं आहे, हे न विचारता पोराच्या देखत घरातल्या सगळ्यांनी ते खायचं.